मला पुढे का केलंस, श्रीपाद?

श्रीपाद, परवा तुझ्या घरी सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते आणि मला राग येत होता.

रास अल खैमाचा तुझा तो फ्लॅट, दारात चपलांचा ढीग, आत जमिनीवर सतरंज्या, आणि जो तो येऊन एकच सांगत होता. श्रीपाद किती शांत. श्रीपादने कधी कुणाला दुखावलं नाही. एका बाईंनी तर सांगितलं की इतक्या वर्षांत तुझा आवाज चढलेला त्यांनी ऐकला नाही. मला उठून म्हणायचं होतं, अहो, माणसाला दुखवायला आवाज चढवावा लागत नाही, मला विचारा. पण समोर नलिनीवहिनी बसल्या होत्या आणि मंगलने माझ्या शर्टाची बाही घट्ट धरून ठेवली होती. एवढ्या संसारानंतर बायकोला कळतं, नवरा कधी उठून उभा राहणार आहे ते.

मी फरश्या विकणारा माणूस आहे. आजपर्यंत एकही व्यवहार मी अर्धा सोडलेला नाही. भांडून, चहा पिऊन, पुन्हा भांडून, पण शेवट केला. तुझ्याबरोबरचा एक राहिला. हार्ट अटॅक आला आणि तू सकाळच्या चहाआधी निघून गेलास, म्हणून तो आता सुटला असं मी मानत नाही. मला अजून कळलेलं नाही की त्या शुक्रवारी तू मला रांगेत सगळ्यात पुढे का उभं केलंस. विचारायला तूच नाहीस, म्हणून हे लिहितो आहे.

आपली ओळखही भांडणातूनच झाली होती. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट असेल. मी तेव्हा दुसऱ्याच्या गाडीतून दुसऱ्याच्या फरश्यांचे नमुने घेऊन साइटवरून साइटवर हिंडत होतो. तुमच्या सिमेंट कारखान्यात कँटीनची दुरुस्ती निघाली होती आणि खरेदीवाल्या साहेबाला मी जवळजवळ पटवत आणलं होतं. तू इंजिनियर, तुझा त्या कामाशी काही संबंध नाही, चहा पीत बाजूला उभा होतास. तू माझी फरशी जमिनीवर ठेवलीस, कपातला उरलेला चहा तिच्यावर ओतलास, बूट काढलास आणि मोजा घातलेला पाय तिच्यावर दिलास. पाय सर्रकन सरकला.

"निसरडी है," तू साहेबाला म्हणालास. "कँटीन में लोग गिरेंगे."

मी तुला बाहेर गाठलं. "मराठी माणूस असून माझ्या पोटावर पाय देतोस?"

"फरशीवर दिला," तू म्हणालास. "पोटाचं काय ते बघू. शुक्रवारी काय करतोस?"

शुक्रवारी मी काहीच करत नव्हतो. शारजात आमची एक खोली होती, तीही दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घेतलेली. सुटीच्या दिवशी मंगल पडदा लावून बसायची आणि मी गॅलरीत. तर त्या शुक्रवारी तू शारजापर्यंत आलास आणि आम्हा दोघांना आणि चिमुरड्या केतकीला तुझ्या जुन्या निसानमध्ये कोंबून डोंगराकडे घेऊन गेलास. मसाफीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडलास आणि गाडी खडखडत एका वादीच्या तोंडाशी उभी केलीस. वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी, हे मला तू तिथे सांगितलंस. तोवर मला या देशात डोंगर आहेत हेही नीट माहीत नव्हतं. वाळू आणि साइट, एवढाच माझा देश.

दोन्ही बाजूंना गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे उभे कडे. मधून पांढऱ्या गोट्यांचं पात्र. मध्येच गुलाबी कण्हेरीची झुडपं. एका वळणाआड खजुराची छोटी बाग, तिला पाणी देणारा दगडी पाट, आणि त्यापुढे डबकी, त्यांत बोटाएवढे मासे. मंगल मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, बोराचं झाड!" आणि खरंच होतं. ती खाली पडलेली बोरं पदरात गोळा करायला लागली. बार्शी सोडल्यापासून मी तिला असं वाकून काही वेचताना पाहिलं नव्हतं.

तिथे आणखी दोन-तीन कुटुंबं आली होती. सगळ्यांना तू तुझा नियम सांगितलास. तुझा नियम एकच होता. एका रांगेत चालायचं. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे, त्याला कुणी ओलांडायचं नाही, आणि तू सगळ्यात मागे. मग तू केतकीला उचलून रांगेच्या डोक्याशी नेऊन ठेवलंस.

"ही काय पद्धत?" मी म्हणालो. "एवढ्याशा पोरीच्या चालीने मोठी माणसं चालणार?"

"तुला पोचायचंय कुठे?"

"कुंडापर्यंत. तूच म्हणालास, पुढे मोठं कुंड आहे."

"आहे ना. ते काही पळून जात नाही."

त्या दिवशी आपण कुंडापर्यंत पोचलो नाही. केतकी प्रत्येक गोट्यापाशी बसत होती. मागे दहा-बारा माणसं तिच्यासाठी उभी राहत होती आणि कुणी तोंड वाकडं करत नव्हतं. एक मीच तेवढा मागून "यल्ला, यल्ला", चला लवकर, करत होतो. घरी येताना गाडीत ती झोपेतच म्हणाली, "आय वॉज फर्स्ट." एरवी अनोळखी माणूस दिसला की आईच्या साडीत तोंड लपवणारी पोर ती. तिची भीती कधी गेली ते मला सांगता येणार नाही, पण कुठे गेली ते माहीत आहे. हे तुझं देणं मी मान्य करतो. ते मी कधी नाकारलेलं नाही.

पुढे दर हिवाळ्यात आपण जात राहिलो. दिवाळी झाली की सुरू, ऊन तापलं की बंद. नवीन कुटुंबं येत, काही देशात परत जात. मंगल दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करी, नलिनीवहिनी थर्मास भरून चहा आणत. माझं शारजात स्वतःचं दुकान झालं, मग गोडाऊन झालं, आणि तू मला "मालक" म्हणायला लागलास. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला तेव्हाही कळत नसे. "मालक, तुमची फरशी अजून निसरडीच का?" असं तू चार लोकांत विचारायचास. मी म्हणायचो, "तुझ्यासारखं मोज्यावर फिरणारं गिऱ्हाईक मी धरत नाही." लोक हसायचे. तूही हसायचास. तेवढं आपलं बरं चाललं होतं.

मधवाल्या म्हाताऱ्याची गोष्ट आठवते? त्यावरचा आपला वाद अजून संपलेला नाही. खजुराच्या बागेत तो राहायचा. त्याच्याकडे बाटलीत डोंगरातला मध होता. मी भाव केला. माझं ते कामच आहे. तो खाली येईना, मी वर जाईना. पोरं उन्हात कंटाळली, बायका पुढे निघून गेल्या, आणि शेवटी तो म्हातारा हसला, "यल्ला, खलास" म्हणाला आणि बाटली माझ्या हातात कोंबून पैसे घेईनाच. मी खूश. तुझा चेहरा पडला.

"काय झालं?" मी म्हणालो. "फुकट मिळाली."

"दत्ता, त्याने तुला भीक घातली."

"अरे, तो हरला!"

"तो हरला असता तर त्याने पैसे घेतले असते."

गाडीपर्यंत आपण त्यावर भांडलो. मी आजही म्हणतो की मी जिंकलो. तू आजही म्हणाला असतास की नाही. तो मध मंगलने कुणाला दिला नाही, स्वतःही खाल्ला नाही, आणि शेवटी मुंग्या लागल्या म्हणून टाकून दिला. त्याचा काय अर्थ लावायचा हे मला माहीत नाही.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात नलिनीवहिनी गाडी चालवायला लागल्या. लायसन्सची परीक्षा कितीदा तरी देऊन पास झाल्या, त्याची मोठी पार्टी तू दुबईत ऊद मेथाला दिलीस. त्यानंतर स्टिअरिंगवर नेहमी त्याच, आणि तू शेजारी. मी तुला छेडायचो, "काय रे, बायकोने सीटवरून उठवलं?" तू म्हणायचास, "ड्रायव्हर ठेवलाय, मालक. तुमच्यासारखं." आणि पुन्हा हसायचास. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण आता ते मला वेगळंच दिसतं, आणि ते तसं दिसावं की नाही हेही मला ठरवता येत नाही.

आता तो शुक्रवार.

तेव्हा एका मोठ्या कंत्राटदाराकडचे खरेदीप्रमुख, देशपांडेसाहेब, यांच्यामागे मी वर्षभर होतो. माणूस ऑफिसात हाताला लागत नव्हता. म्हणून मी त्यांना कुटुंबासह वादीत बोलावलं. तिथे गप्पा होतील, डबे उघडतील, माणूस सैल होईल. मी नवे बूट घेतले होते. देशपांड्यांना मी रस्ताभर सांगत होतो की हा डोंगर मला घरच्यासारखा आहे. तिथे पोचल्यावर तू त्यांना नेहमीप्रमाणे नियम सांगितलास, सगळ्यात हळू चालणारा पुढे. ते म्हणाले, "वा, चांगली कल्पना आहे. मग आज पुढे कोण?" नेहमी मुलांपैकी कुणी असे, नाहीतर कुणाची आई देशातून आलेली असे. त्या दिवशीही देशपांड्यांची आई होती, काठी घेऊन. मी तिच्याकडे पाहत होतो.

आणि तू म्हणालास, "दत्ता, आज तू पुढे."

लोकांना वाटलं तू गंमत करतो आहेस. देशपांडे मोठ्याने हसले.

"मी?" मी म्हणालो. "मी हळू?"

"हो. आज तू."

"का?"

"चल तर खरं."

"का ते सांग आधी."

"दत्ता, सांगतो नंतर. उभा राहा ना जाऊन."

तू ते हळू आवाजात म्हणालास. पण तुझ्या हळू बोलण्याने काही झाकलं जात नव्हतं. काठीवाल्या म्हातारीच्या पुढे, पोराटोरांच्या पुढे, माझ्या गिऱ्हाइकासमोर तू मला उभं करत होतास. सगळ्यांना नियम माहीत होता. मी तुला तिथेच सुनावलं. काय काय म्हणालो ते आता पुन्हा लिहीत नाही, तुला आठवत असेल. तुझी नोकरी, तुझा पगार, तुझं गुरुजीपण, सगळं काढलं. तू एकदाही उलटून बोलला नाहीस. माझ्याकडे बघतही नव्हतास, माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होतास, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मी मंगलला आणि केतकीला गाडीत बसवलं. केतकी रस्ताभर रडत होती. "व्हाय कान्ट यू जस्ट वॉक?" एवढंच म्हणत होती.

देशपांड्यांनी नंतर माझा माल घेतला, ते सांगून टाकतो. पण पुढे कित्येक वर्षं मला बघितलं की म्हणायचे, "या, या, सगळ्यात पुढचे!"

तुझं आणि माझं बोलणं तिथे संपलं. गणपतीत भेटायचो, ऊद मेथाच्या हॉलमध्ये. "काय मालक?" "ठीक." बस. तू "नंतर सांगतो" म्हणाला होतास आणि मी तुझ्या त्या "नंतर"ची वाट बघत होतो. मी आपण होऊन विचारणार नव्हतो. सांगायचं होतंस तू. अजूनही मी तेच म्हणेन. पुढचा एक हिवाळा तुमचं चालणं झालं म्हणे, आणि मग ते बंदच पडलं. मला वाटलं, माझ्यावाचून बंद पडलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंही होतं.

तर परवा, तुझ्या तेराव्याला. लोक उठून गेले, मी, मंगल आणि केतकी असे आम्ही तिघं राहिलो, कारण मंगल भांडी आवरायला आत गेली होती. मी बसून होतो. वहिनींनी चहा आणला आणि त्यांनीच विषय काढला.

"दत्ताभाऊ, तुम्ही अजून रागावलेले आहात."

"नाही हो, वहिनी. आता कसला राग."

"आहात. तुमचा चेहरा ह्यांना कळायचा, मलाही कळतो."

मग मी विचारलं. तुझ्या फोटोला अजून ताजा हार होता आणि मी विचारलं. "वहिनी, त्याने मला पुढे का केलं त्या दिवशी?"

स्वयंपाकघरातून मंगल बाहेर आली, हात पुसत. "अहो, मान दिला असेल तुम्हाला! पाहुणे आणले होते तुम्ही. पुढे उभं करणं म्हणजे मानच की."

"मंगल, वादीत पुढे म्हणजे काय ते केतकीला चौथ्या वर्षी माहीत होतं."

"बाबा," केतकी म्हणाली. ती आता कॉलेजात जाते, पण त्या एका गोष्टीवर अजून तशीच बोलते. "ही वॉज फेड अप. तुम्ही मागून सगळ्यांना यल्ला यल्ला करायचा. लिट्ल किड्स वेअर स्केअर्ड ऑफ यू. त्यांनी तुम्हाला पुढे ठेवलं सो यू वुड शट अप."

तेही पटण्यासारखं होतं. मी मनात मधाची बाटलीही धरून होतो. तिचा तू सूड घेतलास, असं मी इतकी वर्षं समजत आलो होतो. मग वहिनी म्हणाल्या, "ह्यांना दिसत नव्हतं."

मला काही कळेना.

"त्या दिवसाच्या आधीपासूनच. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. नळीतून बघावं तसं. हळूहळू तेही कमी होत गेलं. कारखान्यात कळलं असतं तर नोकरी गेली असती. नोकरीबरोबर व्हिसा, आणि व्हिसाबरोबर आम्ही सगळेच. म्हणून कुणाला सांगितलं नाही. म्हणून तर मी गाडी शिकले." त्या कपाकडे बघत बोलत होत्या. "वादीत मागून चालताना त्यांना रांग दिसायची नाही. पुढून आवाज येत राहिला तर त्यावर चालता यायचं. मुलं मध्येच गप्प होतात, बायका गप्प होतात. तुम्ही कधीच गप्प नसता, दत्ताभाऊ. तुमचा आवाज कुठेही कळतो, म्हणायचे."

श्रीपाद, मी तिथे बसलो होतो आणि मला रागच आला. दुःख नंतर. आधी राग. एक वाक्य. एक वाक्य माझ्या कानात बोलला असतास. तुला वाटलं मी चार ठिकाणी सांगेन? बाजारात कुणालाही विचार, माझ्या पोटातली गोष्ट कुणाला कळत नाही, त्यावरच मी धंदा उभा केला. माल दाखवायचा नाही आणि म्हणायचं, घे. कोण घेईल?

आणि लगेच दुसरं मनात आलं. मी गेलो, त्यानंतर एका हिवाळ्यात तुमचं चालणं थांबलं.

मी वहिनींना विचारलं, "असं म्हणायचा तो? माझ्या आवाजाबद्दल?"

"हो."

"कधी म्हणाला? त्या दिवसाच्या आधी की नंतर?"

"म्हणजे... म्हणाले होते कधीतरी."

"नक्की माझं नाव घेऊन?"

"दत्ताभाऊ, आता मला..."

"की माझं भांडण झाल्यावर तुम्हीच तसा अर्थ लावलात? वहिनी, एवढंच सांगा. तो म्हणाला की तुम्हाला वाटलं?"

"बाबा, स्टॉप," केतकी म्हणाली. "यू आर बार्गेनिंग विथ हर."

वहिनींनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला नक्की नाही सांगता येणार. इतकी वर्षं मी मनाशी असंच धरून चालले आहे. ते म्हणाले होते की मीच कधीतरी ठरवलं, आता मला वेगळं करता येत नाही." आणि पदर डोळ्यांना लावला. मंगलने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून गॅलरीत गेलो.

म्हणजे मला पुन्हा काहीच मिळालं नाही. नजर जात होती हे खरं, वहिनींकडे डॉक्टरांचे कागद आहेत. पण मला पुढे करण्याशी तिचा संबंध होता का, की तू नुसता कंटाळला होतास, की खरंच सूड घेतलास, की मंगल म्हणते तसं मला मान देत होतास आणि तुझ्या हे लक्षातच आलं नाही की मी ते कसं घेईन? तुझ्या बाबतीत ते शेवटचंही शक्य आहे. तुला माणसं मशीनसारखी कळायची, दोष कुठे आहे तेवढं कळायचं, आवाज कशाचा येतोय ते कळायचं नाही.

आज शुक्रवार. जुन्यांपैकी जे उरलेत त्यांनी ठरवलं की तुझ्या नावाने एकदा वादीत जायचं. मी जाणार नव्हतो. पण वहिनी म्हणाल्या, तुम्ही नसाल तर मी जाणार नाही. हाही एक डाव असतो, तो मला ओळखता येतो, पण गेलो.

वादी तशीच आहे. बागेतला म्हातारा गेला म्हणे, त्याचा मुलगा तिथे पाण्याचा पंप चालवतो. रांग लावायची वेळ आली. वहिनींचे गुडघे आता फार दुखतात. त्या आपण होऊन पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि नव्या एका कुटुंबातली सई नावाची चिमुरडी त्यांनी हाताशी धरली. बाकीचे मागोमाग लागले. सगळ्यात मागची जागा रिकामी राहिली. कुणी तिकडे गेलं नाही आणि कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही, म्हणजे सगळे माझाच विचार करत होते.

मी मागे गेलो. तुझी जागा घ्यायला नाही. मला बघायचं होतं. मी माल तपासल्याशिवाय घेत नाही, तुला माहीत आहे.

रांग वळणाआड जायला लागली. पुढचे दिसेनासे झाले. तेव्हा मला कळलं की चांगल्या डोळ्यांनासुद्धा मागून पुढचा माणूस दिसत नाही. कडे इतके जवळ आहेत आणि वाट इतकी वळते. मी केतकीला म्हणालो, "पुढे जा, वहिनींपाशी, आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही."

"बाबा, धिस इज सो वियर्ड," म्हणाली, पण गेली.

मी डोळे मिटले.

मला वाटलं होतं, पुढच्या माणसाचं काही ऐकू येणार नाही. मग मी घरी जाऊन म्हणणार होतो, वहिनींनी मनाचीच समजूत घातली आहे, आवाजावर कुणी चालू शकत नाही. किंवा वाटलं होतं, फक्त मोठा आवाज ऐकू येईल, आणि मग मी मान्य केलं असतं. दोन्हींपैकी काहीही झालं असतं तरी व्यवहार मिटला असता.

पण सगळंच ऐकू येत होतं, श्रीपाद. त्या दोन कड्यांमध्ये काही वाया जात नाही. केतकी तिच्या कॉलेजचं सांगत होती, तो शब्दन् शब्द आला. सई बिस्किट मागत होती, तेही आलं. वहिनींच्या चपला गोट्यांवर कशा पडतात तेही. तिथे मोठ्या आवाजाची काही गरजच नाही. लहान पोराच्या कुजबुजीवरही तुला चालता आलं असतं. देशपांड्यांच्या आईच्या काठीवर चालता आलं असतं.

मग मीच का?

मी डोळे न उघडता तसाच चालायला लागलो. तू कसा चालायचास ते बघावं म्हणून. थोडं जमलं. मग गुडघा एका धोंड्यावर असा आपटला की माझ्या तोंडून जे निघालं ते मी सईसमोर एरवी कधी बोललो नसतो. ते दोन्ही कड्यांवरून घुमत पुढे गेलं आणि रांग थांबली. पुढे कुणीतरी घाबरून काहीतरी विचारलं.

मग वळणापलीकडून वहिनींचा आवाज आला. माझ्यासाठी नव्हता तो, त्या पोरीला अगदी हळू सांगत होत्या.

"काही नाही गं. चल. दत्ताभाऊ आहेत."

गोट्यांवर पावलं पुन्हा वाजायला लागली. मी धोंड्यावर बसलो आणि गुडघा दाबून धरला. डोळे उघडले तर समोर कुणी नव्हतं, नुसता कडा. तू इतकी वर्षं याच जागी होतास. पुढून तुला नक्की काय ऐकू येत होतं, श्रीपाद?